वर्धेचं पाणी जातं तो समुद्र

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही तिघे दोस्त, वरोरा तालुक्यातल्या एकाच गावचे, वय २४ ते २७. तिघांच्याही घरी कपाशी, सोयाबीन, थोडाफार हरभरा. मोबाईलवर लाटेवर उभे राहणारे पोट्टे पाहून पाहून आता आम्हाले बी सर्फिंग करून पाहाचं आहे. दोन वर्षांआधी गोव्याले गेलो होतो, तिथं पाण्यापेक्षा माणसंच जास्त. आम्हाले लांबच लांब, खडकाळ, ओसाड किनारा पाहिजे. आपण आणि लाट, तिसरं कोणी नाही. दहा दिवस काढू शकतो, पैसा बेताचा आहे. पोहणं तिघांनाही येते, मी तर ४० फुटी विहिरीत वरून सूर मारतो. बोर्ड ऑनलाइन घेऊन सोबतच न्यावा म्हणतो. कुठं जावं, कधी जावं, काय काय न्यावं ते सांगा. घरी अजून सांगितलं नाही.
— एक वाचक, वरोरा तालुका

उत्तर : शेवटून सुरुवात करते. घरी सांगा. मी ४४ व्या वर्षी पहिल्यांदा बोर्डावर पालथी पडले तेव्हा घरी सांगितलं होतं की मुलींची कबड्डीची टीम घेऊन चालले. गडचिरोलीकडच्या आश्रमशाळेत मी खेळाची शिक्षिका, त्यामुळे ते खपलं. परत आले ती नाक सोललेली, गुडघे खरचटलेले, केसांत वाळू. आईनं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कबड्डी समुद्रात होती काय वो?" आता माझं वय ६१, आई नाही, पण त्या खोट्याची लाज अजून आहे. आणि व्यवहाराचं म्हणाल तर तुम्ही कोणत्या किनाऱ्यावर आहात हे घरच्या एका तरी माणसाला रोज माहीत असलं पाहिजे.

आता कुठं. आपल्याकडच्या माणसाला समुद्र म्हटलं की तो पश्चिमेलाच दिसतो, मुंबईमुळे. घरी शाळेचा जुना नकाशा असेल तर त्यावर सुतळी ठेवून पाहा. चंद्रपूरहून मुंबई सरळ रेषेत ६८० किलोमीटरच्या आसपास, विशाखापट्टणम ४८० च्या आसपास. नागपूरहूनसुद्धा विशाखापट्टणमच शंभरेक किलोमीटरनं जवळ. पाण्याला हे आधीपासून माहीत आहे. तुमच्या शिवारातला नाला वर्धेला मिळतो, वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला भेटते, तिथून पुढं ती प्राणहिता, सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तुमच्या कपाशीच्या तासांतून वाहून गेलेली माती पूर्वेकडं जाते. तुम्हीही तिकडंच जा.

पण नदीच्या मागोमाग थेट मुखापर्यंत जाऊ नका. गोदावरीच्या मुखाशी गाळ, उथळ पाणी, कोरिंगाकडं खारफुटी. तिथं पक्षी बघायला जावं, लाटांसाठी नाही. तुमचा किनारा त्याच्या उत्तरेला. पूर्व घाटाचे डोंगर जिथं थेट समुद्रात उतरतात तो विशाखापट्टणमचा भाग, तिथून ऋषिकोंडा, भीमिली, मग विजयनगरमचा किनारा, श्रीकाकुळममधलं कलिंगपट्टणम, बारुवा, आणि पुढं ओडिशात गोपाळपूर. शहराजवळ खडकांची नाकं समुद्रात घुसलेली आणि त्यांच्या मधेमधे वाळूचे तुकडे. भीमिलीच्या अलीकडे लाल मातीच्या टेकड्या आहेत, एर्र मट्टी दिब्बलु म्हणतात त्यांना, पावसानं चिरून चिरून अशा झाल्यात की वाटावं कोणी लाल मुरमाचा मोठा ढीग विळ्यानं कापून ठेवलाय. भीमिली सोडली की गर्दी विरळ होत जाते. सरूची बनं, ताडाची झाडं, कोळ्यांची गावं, आणि गाव सोडलं की मैल मैल वाळू. तुम्हाला हवा तो ओसाडपणा तिथं आहे. पण तो तुम्हाला पहिल्या पाच दिवसांत मिळू नये असं माझं मत आहे. का, ते खाली सांगते.

कधी जायचं हे समुद्र आणि शेत दोघांना विचारून ठरवावं लागतं, आणि गंमत अशी की या बाबतीत दोघांचं जमतं. ऑक्टोबर विसरा. तुमचं सोयाबीन तेव्हा खळ्यात असतं आणि बंगालचा उपसागर तेव्हा वादळांचा. फायलिन गोपाळपूरजवळ आलं १२ ऑक्टोबर २०१३ ला, हुदहुद थेट विशाखापट्टणमवर १२ ऑक्टोबर २०१४ ला, तितली श्रीकाकुळमच्या किनाऱ्यावर ११ ऑक्टोबर २०१८ ला. तारखा बघा, जणू दिवस ठरवून येतात. नोव्हेंबर-डिसेंबरही वादळाचेच, आणि घरी कापूस वेचणी. जानेवारीत तूर. मार्चमध्ये हरभरा निघालेला असतो, कपाशीचा शेवटचा वेचा झालेला असतो, उन्हाळवाहीला अजून अवकाश असतो, लग्नसराई पेटायची असते. समुद्रातही मार्चपासून दक्षिणेकडच्या लांब लाटा येऊ लागतात, पण मे-जूनइतक्या दांडग्या नसतात. मेमध्ये वादळाचा दुसरा हंगाम सुरू होतो, शिवाय उकाडा. चंद्रपूरचं ऊन भाजतं हे खरं, पण तिथलं ऊन उकडतं. आपल्याला भाजायची सवय आहे, उकडायची नाही. तेव्हा मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा. होळी-धुळवडीचे दिवस तेवढे टाळा, त्या दिवशी किनाऱ्यावर पाण्यात कोण कशा अवस्थेत उतरेल याचा भरवसा नाही.

लाट वाचायला इथूनच शिका. हैदराबादला इन्कॉईस नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, ती समुद्राच्या स्थितीचे अंदाज रोज देते, मोबाईलवर दिसतात. त्यात तीन गोष्टी बघायच्या : लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, आणि लाट येते ती दिशा. नवखा माणूस फक्त उंची बघतो. बाजारात वांगी घेताना आकार बघून भुलावं तसं आहे ते. मीटरभर उंचीची लाट सात-सात सेकंदांनी येत असेल तर ती जवळच्या वाऱ्यानं उठवलेली, आखूड आणि कटकटी. तीच मीटरभर लाट चौदा सेकंदांची असेल तर खोल समुद्रात तिची लांबी ३०० मीटरच्या आसपास असते, आणि किनाऱ्याशी आली की ती वाढते, जोरात ढकलते. अशी लाट हिंद महासागराच्या पार दक्षिणेला कुठल्यातरी वादळात जन्मलेली असते आणि दिवसाला साधारण ९००-९५० किलोमीटर चालत येते. म्हणजे तुम्ही नागपूरला गाडीत बसाल त्याच्या चार-पाच दिवस आधीच तुमची लाट तिकडून निघालेली असेल. मला स्वतःला या गोष्टीचं अजून नवल वाटतं. पहिल्या खेपेला तुम्हाला अर्धा ते एक मीटर पुरे. लाट कुठं फुटेल याचा ढोबळ हिशेब असा की खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की ती मोडते. मीटरभराची लाट साधारण छातीभर पाण्यात फुटेल. तुम्ही उभे राहू शकता अशा पाण्यात, हे लक्षात ठेवा.

सकाळी लवकर पाण्यात उतरा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडं वारा असतो, तो लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतो. नऊ-दहानंतर वारा उलटतो आणि पाणी शिजत्या वरणासारखं होतं. मग जेवा, झोपा, तेल लावा.

आता त्या ४० फुटी विहिरीचं.

मीही विहिरीतच शिकले. पाठीला डबा बांधून, काकानं ढकलून दिलं तेव्हा. विहिरीत पोहणाऱ्याला दम असतो, भीती नसते, आणि तीच अडचण आहे. विहिरीचं पाणी कुठं जात नाही. काठ चारही बाजूंनी असतो. समुद्रात काठ एकाच बाजूला, आणि पाणी तुम्हाला तिथून नेतं.

माझी पहिली खेप. ऋषिकोंड्याला एक शिकवणारा मिळाला, कोळ्याच्या घरचा, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यानं पायाच्या अंगठ्यानं वाळूत बोर्डाचं चित्र काढलं, मला त्यावर पालथं झोपवलं आणि तासभर नुसतं उठवलं : तळवे बरगडीपाशी, छाती वर, मागचा पाय, पुढचा पाय, नजर समोर. पायांकडं बघितलं की "अक्का, वाळूत काय सांडलं?" असं मोडक्या हिंदीत विचारायचा. मग कमरेएवढ्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसात. तो मागून बोर्ड धरून उभा, मी पालथी, तो म्हणतोय "आगु... आगु..." म्हणजे थांब, थांब, आणि मग "इप्पुडु!" म्हणजे आत्ता. पहिल्या दिवशी गुडघ्यांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वेळा पायांवर, मोजून तीन-चार सेकंद. चार सेकंदांत माणूस किती माजतो हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी मी भाड्याचा बोर्ड घेऊन एकटीच खडकाच्या पलीकडं गेले. मोकळा किनारा, तुम्ही लिहिलंय तसा. दोन्हीकडं लाटा पांढऱ्या फुटत होत्या आणि मधे खडकाला लागून एक पट्टी शांत, काळसर, जरा गढूळ. मला वाटलं, वा, इथून आत जायला सोपं. तशी सोपीच गेले, हात न मारता. मागं बघितलं तर माझी चप्पल ठेवलेला दगड बोटाएवढा दिसत होता.

त्या शांत पट्टीतूनच किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत समुद्रात जात असतं. ती तुम्हाला खाली ओढत नाही, बाहेर नेते. मी काय केलं, तर विहिरीत करतात ते. काठ दिसतो, काठाकडं पोहा. दहा मिनिटं जीव खाऊन हात मारले असतील, दगड तेवढाच. खांदे भरून आले, तोंडात पाणी. किनाऱ्यावर एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. तो उठला, डोक्याचा पंचा सोडला आणि तो आडवा हलवायला लागला. डावीकडून उजवीकडं, डावीकडून उजवीकडं. मला वाटलं, बोलावतोय. मग तो स्वतःच वाळूवरून किनाऱ्याला समांतर चालायला लागला, पंचा तसाच. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. बोर्डावर पालथी झाले, त्याच्या दिशेनं आडवी वल्हवत गेले, पन्नास-साठ हात असेल, आणि पाण्याची ओढ सुटली. पुढं फेसानंच ढकलत आणून टाकलं. चपलेपासून तीनशे पावलांवर बाहेर आले. म्हाताऱ्यानं माझ्याकडं नाही, बोर्डाला बांधलेल्या घोट्याच्या दोरीकडं बोट दाखवलं आणि मान हलवली. ती दोरी नसती तर बोर्ड आधीच निघून गेला असता आणि हा मजकूर दुसऱ्या कोणी लिहिला असता.

म्हणून सांगते. "तिसरं कोणी नाही" असं तुम्ही लिहिलंत, पण माझ्या वेळी तिसरं कोणी होतं म्हणून बरं. ओसाड किनाऱ्यावर लाट तुमची एकट्याची असते आणि चूकही. पहिले पाच दिवस ऋषिकोंड्याला, जिथं लोक आहेत, जीवरक्षक असतात, शिकवणारी पोरं आहेत. तो किनारा २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालेल्या आपल्या देशातल्या पहिल्या आठांपैकी एक. रविवारी संध्याकाळी जत्रा असते, कबूल. सकाळी सहाला नसते. रोज पाण्यात उतरण्याआधी वाळूत बसून पंधरा मिनिटं नुसतं बघा आणि एकमेकांना दाखवा, ओढीची पट्टी कोणती. तिघांचंही बोट एकाच जागी जायला लागलं की मग भीमिलीच्या पुढं जाण्याचा विचार करा, तेही शिकवणाऱ्याला सोबत घेऊन, त्याची दिवसाची मजुरी देऊन. कोळी लोक नाव कुठून बाहेर काढतात तेही बघा. बाहेर जाणाऱ्या पाण्याची वाट त्यांना पाठ असते. त्यांचा तेप्पा, म्हणजे लाकडी ओंडके बांधून केलेला तराफा, पहाटे फेसातून वर चढताना बघितला की आपण ज्याला खेळ म्हणतो ते यांचं रोजचं काम आहे हे कळतं. जिथं किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणं चाललंय, कोकणात रापण म्हणतात तसलं, तिथं पाण्यात उतरायचं नाही. वाळूत सुकत घातलेल्या मासळीवरून चालायचं नाही. पहाटे गावाजवळच्या वाळूत पाय कुठं ठेवता ते बघायचं. खेड्यातल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या मारत फिरू नका, त्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, उजेडानं बिचकतात.

बोर्ड विकत घेऊ नका. शिकाऊ माणसाला आठ फुटी, फोमचा, जाडजूड बोर्ड लागतो. मोबाईलवर दिसतो तो टोकदार छोटा बोर्ड तुम्हाला उभंच राहू देणार नाही. आठ फूट म्हणजे २४४ सेंटीमीटर. रेल्वेच्या डब्यात सोबत न्यायच्या पेटीला मर्यादा १०० × ६० × २५ सेंटीमीटरची. टीसीशी भांडण, ब्रेकव्हॅनचं बुकिंग, उतरवताना मोडलेली फिन (बोर्डाखालचा माशासारखा पर), एवढं करून वर्षातून दहा दिवस वापरायचा आणि बाकीचे दिवस तो गोठ्यावर पडून कोंबड्या त्यावर बसणार. तिथं भाड्यानं घ्या. ठरवताना विचारा : किती वेळ, बोर्ड आणि दोरी भाड्यात आहे का, एका शिकवणाऱ्यामागं किती जण, आणि मुख्य म्हणजे तो स्वतः पाण्यात उतरतो की काठावरून ओरडतो. काठावरून ओरडणारा स्वस्त पडतो, त्याला घेऊ नका.

सोबत न्यायचं थोडं आहे. पूर्ण बाह्यांचा घट्ट नायलॉनचा टी-शर्ट, नाहीतर छाती आणि पोट बोर्डावर घासून सोलतं. कापूस आपण पिकवतो, पण लाटेत घालायचा नाही, भिजला की ओल्या बारदान्यासारखा लोंबतो. झिंक ऑक्साईडचं मलम नाकाला आणि कानांच्या पाळ्यांना. चष्मा असेल तर त्याची चिंता आधी करा. पाणी कोमट असतं, ते जाड रबरी सूट वगैरे काही लागत नाही. बोर्डाला लावायचं मेण भाड्याच्या बोर्डावर असतंच. हौसेनं घेतलंत तर बॅगेत उन्हात ठेवू नका, माझं एकदा वितळून रेल्वेच्या तिकिटासकट सगळ्याला चिकटलं होतं.

तयारीला आतापासून लागा. विहिरीत सूर मारण्यानं काही होत नाही. ओळखीच्या, झाडोरा नसलेल्या तलावात, काठावर माणूस ठेवून, न थांबता ४०० मीटर पोहता आलं पाहिजे. शिंगाडे लावलेला तलाव नको, वेलांत पाय अडकतात आणि ढिवरबांधवांचं नुकसान होतं ते वेगळं. कालव्यात तर मुळीच नको. कालव्याचं पाणी दिसतं त्याहून ओढाळ असतं आणि पुढं गेट असतं. रोज संध्याकाळी अंगणात बारदाना पसरून पालथं पडा आणि वीस वेळा एका झटक्यात उभे राहा. शेजारी हसतील. माझ्या आश्रमशाळेतल्या मुली हसायच्या, नंतर त्यांनी माझ्यापेक्षा जलद करून दाखवलं.

जायला नागपूरहून समता एक्स्प्रेस आहे, गोंदिया, रायपूर, टिटलागड, रायगडा करत जाते. रायगड्याकडचे डोंगर खिडकीतून बघण्यासारखे. बल्लारशाहून वरंगल-विजयवाड्याच्या बाजूनंही विशाखापट्टणमच्या गाड्या आहेत, तुम्हाला वरोऱ्याहून तो रस्ता सोयीचा पडेल. कोणती गाडी कोणत्या वारी ते तिकीट काढताना बघा. जाऊन-येऊन तीन दिवस धरा, उरले सात. पाच ऋषिकोंड्याचे, एक भीमिलीचा. ते शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर, गोस्थनी नदी तिथं समुद्राला मिळते, जुनी डच दफनभूमी आहे. सातवा दिवस मोकळा ठेवा. समुद्र एक दिवस तरी "आज नाही" म्हणतोच. त्या दिवशी श्रीकाकुळमला जाऊन कलिंगपट्टणम बघून या, वंशधारेचं मुख आणि दीपगृह, पाण्यात न उतरता. जेवणाची काळजी करू नका, सावजीच्या तोंडाला आंध्रचं तिखट परकं वाटत नाही. पाण्यात जायच्या आधी मात्र इडली किंवा पेसरट्टु, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, एवढंच. भरल्या पोटी बोर्डावर पालथं पडून बघा, मग कळेल.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मैत्रिणींसोबत समुद्रावर सर्फिंग शिकायला जायचं म्हणते. काळी पडेल, लोक नावं ठेवतील. पाठवू का? आणि कपडे काय घालायचे अशा वेळी?
— एक आई, पवनी तालुका

उत्तर : ताई, काळी पडेल. तीन आठवड्यांत उतरतं. धानाच्या रोवणीत आठ दिवस वाकून उभी राहिली तरी तेवढीच काळी पडते, तेव्हा कोणी नावं ठेवत नाही. कपडे : पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट आणि पायघोळ लेगिंग, दोन्ही सुती नकोत. ओढणी, सैल कुर्ता, गळ्यात साखळी, कानांत लोंबतं काही नको. पाण्यात हे सगळं अडकतं. केसांची घट्ट वेणी. मी १७ वर्षं याच कपड्यांत जाते, किनाऱ्यावरच्या कोळणींनी एकदाही वाकडं पाहिलं नाही. एकीनं फक्त विचारलं होतं की मासे न पकडता एवढा वेळ पाण्यात काय करतेस. त्याचं उत्तर मला देता आलं नाही. तिला पोहता येतं का, एवढं आधी स्वतः बघा. येत नसेल तर यंदा पोहणं, पुढल्या मार्चला समुद्र.

प्रश्न : तुम्ही मागंही एकदा आंध्रचा किनारा सुचवला होता. महाराष्ट्राला स्वतःचा शेकडो किलोमीटरचा किनारा असताना आपली माणसं परराज्यात का पाठवता?
— एक वाचक, अकोला

उत्तर : तुमची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्रात जाते, तेव्हा तुमचा ओढा तिकडं असणं मी समजू शकते. कोकणावर माझा राग नाही. पण अरबी समुद्राचं गणित वेगळं आहे. पावसाळ्यात तो इतका खवळतो की शिकाऊ माणसानं पाय घालू नये, आणि हिवाळ्यात बहुतेक दिवस इतका निवांत की बोर्डावर बसून भजन करावं. शिवाय मुंबईकडं मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे सकाळची जागा दुपारी ओळखू येत नाही. विशाखापट्टणमला हा फरक दीड मीटरच्या आसपास. पश्चिमेलाच जायचं असेल तर कर्नाटकात मुल्कीला जा, तिथं २००४ पासून शिकवण्याची घडी बसलेली आहे. अकोल्याहून ते लांब पडेल, पण ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : मॅडम, मी सिरोंच्याचा. घरी आम्ही तेलुगूच बोलतो. प्राणहितेत लहानपणापासून डोंग्यावर असतो. मला पण जायचं आहे, पण एकट्यानं राहणं-खाणं परवडत नाही. काही उपाय?
— एक वाचक, सिरोंचा

उत्तर : तुमचं पत्र वरोऱ्याच्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी आलं. त्या तिघांना पोहता येतं, तेलुगू येत नाही. खोली तिघांत घेतात तीच चौघांत घेता येते, आणि "आगु" कधी, "इप्पुडु" कधी हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला पाहिजेच. दोन्ही पत्रांवरचे पत्ते मी छापत नाही, पण तुमची दोघांची हरकत नसेल तर संपादक तुमचं पत्र त्यांच्याकडं पाठवतील. कार्यालयाला तसं एका ओळीत लिहून कळवा. फेब्रुवारी संपायच्या आत, कारण मार्चची तिकिटं तेव्हाच संपतात.